डेडस्टॉकमध्ये नसलेल्या वह्या

राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंस,



नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाच्या हातात शेवटच्या आठवड्यात एक कागद असतो, ना-देणी दाखला. तो घेऊन ग्रंथालय, भांडार, लेखा विभाग, वसतिगृह, जिमखाना असं फिरायचं आणि प्रत्येक टेबलावर सही-शिक्का घ्यायचा. मी रसायनशास्त्र शिकवण्यात 33 वर्षं काढली. जिमखान्याची पायरी कधी चढलो नव्हतो, तरी माझ्याकडे बॅडमिंटनची रॅकेट बाकी नाही असं तिथल्या लिपिकानं रीतसर लिहून दिलं. भांडारात माझ्या नावावरची प्लॅटिनमची मूस तोलून घेतली, ते योग्यच झालं. कपाटातल्या माझ्या प्रयोगवह्यांसाठी मात्र त्या कागदावर ओळ नव्हती. त्या वह्या घरी नेल्या काय, तिथेच सोडल्या काय, जाळल्या काय, विद्यापीठाचं त्याबद्दल काहीच म्हणणं नव्हतं.

हे पत्र त्या नसलेल्या ओळीबद्दल आहे.

माझे मार्गदर्शक इनऑरगॅनिकचे, म्हणजे असेंद्रिय रसायनाचे प्राध्यापक होते. धातूंचे कॉम्प्लेक्स बनवायचे, त्यांचे रंग, वर्णपट आणि चुंबकीय गुण मोजायचे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. ते निवृत्त झाले, काही वर्षांनी गेले. त्यांचं लाकडी कपाट त्यांच्या महाविद्यालयातल्या विभागाच्या मागच्या खोलीत कुलूप लावून तसंच उभं होतं. पुढे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची ठरली. नॅक येणार म्हटलं की आपल्याकडे आधी रंगकाम निघतं आणि रंगाऱ्याच्या आधी रद्दीवाला येतो. योगायोगानं मी त्या दिवशी तिथे गेलो होतो. जिन्याखाली तराजू लावलेला. रद्दीवाल्याचा पोरगा मांडी घालून बसला होता आणि सरांच्या वह्यांचे पुठ्ठे टराटरा फाडून एका बाजूला टाकत होता. पुठ्ठ्याचा भाव वेगळा, कागदाचा वेगळा. त्याचं काही चुकत नव्हतं, त्याला त्याचा धंदा कळत होता.

त्या ढिगातून मी 11 वह्या उचलल्या. वजनाचे पैसे दिले. पण वहीचा क्रमांक आणि साल सर पुठ्ठ्यावर लिहीत असत, आणि पुठ्ठे गेले होते. कोणती वही आधीची आणि कोणती नंतरची हे ठरवायला मला पुढे दोन उन्हाळे लागले.

याच दिवसाची आणखी एक गोष्ट. त्याच खोलीत तीन पायांवर डुगडुगणारं एक स्टूल होतं. ते मात्र रद्दीत गेलं नाही. त्याच्या बुडाशी पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतला नंबर होता आणि निर्लेखन समितीची बैठक व्हायची होती. मोडक्या स्टुलाला घालवायला तीन सह्या लागतात. तीस वर्षांच्या वह्यांना एकही लागत नाही, कारण त्या डेडस्टॉकमध्ये नाहीत. महाविद्यालयाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. लिहिलं तर दोष एका दारात जाऊन बसेल आणि बाकीचे निश्चिंत होतील.

आता त्या वह्यांत आहे तरी काय? एकच पान दाखवतो. मे 1973. बहात्तरच्या दुष्काळाचा तो शेवटचा उन्हाळा. तांब्याचा एक कॉम्प्लेक्स बनवायचा होता, अल्कोहोलमध्ये रिफ्लक्स करून. कंडेन्सरमधून सतत गार पाणी वाहिलं तर अल्कोहोलची वाफ थंड होऊन परत खाली पडते. सरांनी प्रयोग इंग्रजीत लिहिला आहे, आणि मध्येच समासात मराठी: 'नळ गेला. बादली वर ठेवून पाणी सोडले. तेच परत भरले.' तासाभरानं पुन्हा: 'पाणी कोमट. वास येतो.' फेरे मारून मारून बादलीतलं पाणी तापलं, वाफ सुटत राहिली, अल्कोहोल उडालं, आणि हिरव्या स्फटिकांऐवजी तळाशी करपलेला तपकिरी लगदा राहिला. त्याचा डाग पानावर अजून आहे. बोट फिरवलं तर खरखरीत लागतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तोच प्रयोग पुन्हा, आणि त्याखाली एकच शब्द: 'हिरवा.'

छापलेल्या निबंधात या सगळ्याचं एक वाक्य झालं: मिश्रण अमुक तास रिफ्लक्स केलं. निबंधात तेवढंच यायला हवं, तक्रार नाही. पण दुष्काळात प्रयोगशाळा कशी चालली, स्पिरिटच्या परमिटसाठी उत्पादन शुल्क खात्यात किती खेटे झाले, नमुन्याचा वर्णपट काढायला पुडी घेऊन रात्रीच्या एसटीनं पवईला आयआयटीत कोण गेलं, तिथे नंबर कधी लागला, हे कुठल्या नियतकालिकात शोधायचं? महाराष्ट्रातल्या छोट्या गावांत विज्ञान कसं झालं याचा इतिहास कुणी लिहायला बसलाच, तर त्याचा कच्चा माल आपण किलोवर विकलेला असेल.

आपण म्हणाल, एका मास्तरच्या करपलेल्या लगद्यासाठी एवढा खटाटोप कशाला? म्हणून झ्युरिकची गोष्ट सांगतो.

आल्फ्रेड वेर्नर झ्युरिक विद्यापीठात प्राध्यापक होते. असेंद्रिय रसायनातल्या कामासाठी त्यांना 1913 साली नोबेल मिळालं. त्यांची स्वप्नाची कथा आम्ही सगळेच वर्गात रंगवून सांगतो. पहाटे दोनला जाग आली, कोडं सुटलेलं होतं, लिहायला बसले ते संध्याकाळी पाचपर्यंत. त्यातून 1893 चा तो प्रसिद्ध निबंध आला: कोबाल्टच्या अणूभोवती सहा सोबती, अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर. तेव्हा वेर्नर अवघे 26 वर्षांचे. त्यांच्याकडे स्वतःचे प्रयोग जवळपास नव्हतेच. पिवळे, जांभळे, हिरवे कोबाल्टचे क्षार वर्षानुवर्षं जीव ओतून बनवले होते ते कोपनहेगनच्या योर्गनसेन यांनी, आणि वेर्नरना कडाडून विरोध केला तोही त्यांनीच.

मुलांना हे स्वप्न आवडतं. तळघराबद्दल मात्र आम्ही सांगत नाही. वेर्नर यांची जुनी प्रयोगशाळा अंधाऱ्या तळघरात होती आणि विद्यार्थी तिला कॅटॅकोम म्हणत, म्हणजे प्रेतं पुरायची भुयारं. स्वप्नातलं खरं करून दाखवायला जवळजवळ दोन दशकं गेली, बरीचशी त्या भुयारात. अष्टफलक खरा असेल, तर चार अमोनिया आणि दोन क्लोरिन असलेल्या क्षाराची रूपं दोनच निघायला हवीत, एक हिरवं आणि एक जांभळं. हिरवं कधीचं माहीत होतं, जांभळं सापडेना. ते हाती आलं 1907 साली, आणि तेव्हा योर्गनसेन यांनी हार मानली. दुसरं भाकीत याहून अवघड होतं: काही क्षारांची रूपं डाव्या-उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असली पाहिजेत. ती वेगळी काढायचं काम व्हिक्टर किंग नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याकडे आलं. त्यानं सुमारे दोन हजार वेळा स्फटिकीकरण केलं असं सांगतात. झ्युरिकच्या रस्त्यात ओळखीचे लोक त्याला थांबवून विचारत, काय रे, वळतं का अजून? म्हणजे त्याच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाश वळतो का. 1911 साली तो वळला.

पुढचं सगळं कागद जपण्यातून आलं, बाटल्या जपण्यातूनही. वेर्नर 1919 साली वारले, पण त्यांच्या विद्यार्थ्यांनी बनवलेले हजारो नमुने विद्यापीठानं ठेवले, नावाच्या चिठ्ठ्यांसकट. त्यात एडिथ हम्फ्री या इंग्लिश विद्यार्थिनीच्या कुप्या होत्या. तिनं 1901 साली झ्युरिकमधून डॉक्टरेट घेतली. पुढे नव्वद वर्षांनी, 1991 साली, लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीला स्विस रसायनशास्त्रज्ञांनी भेट दिली ती हम्फ्रीच्या स्फटिकांची. तिच्या एका स्फटिकाच्या द्रावणाचा आधुनिक उपकरणावर काढलेला आलेख सोबत होता, आणि त्यावरून ते द्रावण ध्रुवित प्रकाशावर परिणाम करत होतं असं दिसत होतं. मग वाद पेटला. वेर्नर यांनी तेव्हाच तो स्फटिक उचलून तपासला असता, तर किंगच्या आधी दहा वर्षं पुरावा हाती आला असता का? नंतर झ्युरिकमध्येच नमुने पुन्हा तपासणाऱ्यांनी, गोष्ट इतकी सोपी नव्हती, असं म्हटलं.

कोण बरोबर यात मला पडायचं नाही. शंभर वर्षांनी भांडायला काहीतरी शिल्लक होतं, एवढंच माझं म्हणणं. नुसते निबंध राहिले असते तर हम्फ्री हे नाव प्रबंधांच्या यादीत पडून राहिलं असतं. प्राध्यापकाच्या नावाखाली कुणाचे हात राबले हे चिठ्ठ्यांवरच्या अक्षरातून कळतं. तिथले ते हात तिचे होते. आपल्याकडच्या वह्यांत ते परीक्षानळ्या धुणाऱ्या, डिस्टिल्ड वॉटरचा प्लांट सांभाळणाऱ्या प्रयोगशाळा परिचरांचे असतील. माझ्याकडच्या अकरा वह्यांत अशा दोघांची नावं आहेत. छापील निबंधांच्या आभारांत ती मला कुठे सापडली नाहीत.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. चुंबकीय मोजमापावरून रेणूतल्या बंधांचा अंदाज बांधायची वाट लायनस पाउलिंग यांनी दाखवली. आमच्या विभागातली जुनी गॉय बॅलन्स, म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये नळी टांगून आधी चुंबक बंद ठेवून आणि मग चालू करून वजन करायचा तराजू, ती त्यांच्याच हिशेबावर चाले. पाउलिंग यांनी आपले कागद 1986 साली ओरेगॉन स्टेट विद्यापीठाला दिले, जिथून ते 1922 साली पदवीधर झाले होते. पत्नी एव्हा हेलन यांचे कागद सोबतच राहतील असं ठरलं, आणि संग्रहाला दोघांचं नाव लागलं. त्यांच्या 46 संशोधन वह्या आज कुणालाही घरबसल्या फुकट पाहता येतात. कॅलटेकमध्ये नोकरीची इतकी वर्षं घालवलेल्या माणसाचे कागद ओरेगॉनच्या एका राज्य विद्यापीठात जातात, आणि जग ते पाहायला तिथे जातं. कुलगुरू महोदय, आपली विद्यापीठंही राज्य विद्यापीठंच आहेत.

आणि हे परदेशी कौतुक आहे असं समजू नका. कागद जपणं महाराष्ट्राला शिकवायची गरज नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी रुमालांचे ढीग आहेत. इतिहाससंशोधक राजवाडे वाड्यावाड्यांतून, माळ्यांवरून दप्तरं धुंडाळत फिरले, 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. कुण्या कारकुनानं लिहिलेला दाणावैरणीचा हिशेबही आपण भक्तीनं जपतो. मग बादलीतल्या पाण्याचा हिशेब रद्दीत का जातो? इतिहास मोडीतच असतो अशी आपली समजूत झाली आहे काय?

प्रफुल्लचंद्र रे यांनी हा भेद कधी केला नाही. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पारा आणि नायट्रिक आम्लाशी खेळताना त्यांना पिवळे स्फटिक दिसले, आणि 1896 साली त्यांनी मर्क्युरस नायट्राइट जाहीर केलं. नखशिखान्त असेंद्रिय रसायनाचा हा माणूस त्याच काळात जुन्या रसशास्त्राच्या पोथ्या धुंडाळत होता. काश्मीरपासून मद्रासपर्यंतच्या संग्रहांतून हस्तलिखितं मिळवून त्यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास दोन खंडांत लिहिला, पहिला 1902 साली. त्यात ज्या 'रसरत्नसमुच्चया'चा मोठा आधार आहे, तो ग्रंथ पुण्याच्या आनंदाश्रमानं आपल्या ग्रंथमालेत छापलेला. कुणीतरी पोथी फडक्यात गुंडाळून ठेवली होती म्हणून हे जमलं. ठेवणाऱ्याला पारा शिकायचा नव्हता. त्यानं फक्त टाकली नाही.

आता कामाचं बोलतो. प्रबंध शोधगंगा या ऑनलाइन भांडारात जातात, ते चांगलंच आहे. पण प्रबंधात जमलेले प्रयोग असतात. न जमलेले वहीत राहतात, आणि तेच पुढच्या विद्यार्थ्याची दोन वर्षं वाचवतात. आपण विद्यापीठात एक अभिलेख कक्ष काढावा, त्यावर प्रशिक्षित माणूस नेमावा, आणि ना-देणी दाखल्यावर ग्रंथालयाच्या खाली एक ओळ वाढवावी: प्राध्यापकाचे शैक्षणिक कागद पाहिले, घ्यायचे ते घेतले. ओळ आली की सही आली, सही आली की कुणीतरी कपाट उघडून पाहील. आपल्या व्यवस्थेची एवढी ओळख मला 33 वर्षांत झाली आहे.

कपाट उघडणाऱ्यानं आधी काही हलवू नये, आहे तसा फोटो घ्यावा. कोणत्या वहीत कोणतं पत्र खोचलेलं होतं, यालाही अर्थ असतो. सरांच्या एका वहीत परदेशातून आलेली रीप्रिंट मागणारी पोस्टकार्डं होती. तिकिटांच्या जागी चौकोनी भोकं, सरांच्या मुलानं तिकिटं कापून नेलेली. त्यातलं पूर्व जर्मनीतून आलेलं कार्ड ज्या पानाला लागलेलं होतं, त्याच पानावर त्या विषयाची नवी दिशा सुरू होते. कार्डं काढून वेगळ्या पाकिटात 'पत्रव्यवहार' म्हणून घातली असती, तर हे कुणाला कळलं नसतं.

गंजक्या टाचण्या काढाव्यात. थर्मल कागदावरचे आलेख आधी स्कॅन करावेत, ते कपाटाच्या अंधारातही पुसट होत जातात. विद्यार्थ्यांचे गुण, शिफारसपत्रं, इतरांच्या निबंधांवरचे गोपनीय अभिप्राय बरीच वर्षं बंद ठेवावेत, त्यात माणसांची अब्रू असते. बाटल्यांना मात्र इतिहासकारानं एकट्यानं हात लावू नये. परक्लोरेटचे काही कॉम्प्लेक्स नुसत्या खरवडण्यानं उडतात. आणि सगळंच ठेवायचं नाही. क्रमिक पुस्तकं, छापील निबंधांच्या पन्नास-पन्नास प्रती, मागच्या नॅकचे अहवाल खुशाल रद्दीत द्यावेत.

'स्कॅन करून कागद टाकून देऊ' असं कुणी सुचवेल. माझे स्वतःचे 1990 च्या दशकातले आकडे फ्लॉपीवर आहेत. त्या वाचणारं यंत्र मला मिळत नाही. 1973 ची वही मी चष्मा लावून वाचतो. आज जे निवृत्त होत आहेत त्यांची तर निम्मी प्रयोगशाळा ईमेलमध्ये आहे. ते खातं निवृत्तीनंतर बंद करण्याआधी निदान एक प्रत काढून ठेवायला सांगा.

जागा नाही, पद मंजूर नाही, निधी नाही, ही उत्तरं मला पाठ आहेत, कारण विभागप्रमुख असताना मीही ती दिली आहेत. सरांचं कपाट मागच्या खोलीत कुलूपबंद आहे हे मला माहीत होतं. मी त्यांचा विद्यार्थी होतो. दरवर्षी ठरवायचो, दिवाळीच्या सुटीत जाऊन बघू. गेलो नाही. म्हणजे हे पत्र आपल्याला जितकं आहे, तितकंच मलाही आहे.

मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेनं आपला अभिलेखसंग्रह सांभाळला आहे. बंगळुरूला एनसीबीएस या जीवविज्ञान संस्थेत भारतीय विज्ञानाच्या इतिहासासाठी खास कक्ष उघडला आहे, आणि तो लोकांना खुला आहे. मोठ्या संस्थांतल्या मोठ्या माणसांचे कागद वाचतील. जिल्ह्याच्या गावात, नळाला पाणी नसताना तांब्याचे हिरवे स्फटिक काढणाऱ्यांचे वाचणार नाहीत. ते कुणी वाचवायचेच असतील तर ते काम आपल्या अखत्यारीतलं आहे.

सरांच्या 11 वह्या माझ्या घरी लोखंडी ट्रंकेत आहेत, माझ्या स्वतःच्या 26 त्यांच्या शेजारी. पावसाळा संपला की एकदा गच्चीत ऊन दाखवतो. मला सत्तरी उलटली आहे. मुलगा दूर असतो, आणि त्यानं ट्रंकेचं काय करायचं ते त्याला सांगायचं धाडस माझं अजून झालेलं नाही. आपल्यापैकी ज्यांच्या विद्यापीठात पहिली खोली उघडेल, तिथे रिक्षानं आणून देतो. पोहोच पावती तेवढी द्यावी, त्यावर वह्यांची संख्या लिहिलेली असावी.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक सेवानिवृत्त प्राध्यापक